अमावास्येची मोजणी

६ नोव्हेंबर १९२७
सकाळी शेजारचे अप्पासाहेब वकील आले. म्युनिसिपालिटीचे सभासद. पहिला चहा संपायच्या आत विषय काढला. चीफ ऑफिसर जानेवारीत जाणार, नवा माणूस सभासदांच्या मतांनी नेमायचा. "अर्ज टाका नानासाहेब. ज्यानं शहर कागदावर काढलं त्यालाच चालवायला देऊ की. मतांचं माझ्याकडे लागलं."
हे हसले. म्हणजे मिशीवरून बोट फिरवलं. "बघू" म्हणाले.
आतून वन्सं : "बघू काय बघू? बघण्यात पंचेचाळीस वर्षं गेली."
यांची सख्खी थोरली बहीण. तिला सगळं माफ.

८ नोव्हेंबर
अर्जात पूर्वीच्या नोकरीची हकीकत लिहायची आहे, म्हणून दुपारी मला लिहायला बसवलं. हे सांगणार, मी लिहिणार. एकोणिसाव्या वर्षी माळशिरस तालुक्यात बांध मोजणं. मग नेमणूक कायम. मग पुण्याला टाऊन प्लॅनिंगच्या कचेरीत दुसऱ्यांचे नकाशे उतरवणं, मग स्वतःचे काढणं. तीन वर्षांपूर्वी सरकारनं सोलापूर म्यु.ला यांना दिलं, शेजारणीला विरजण देतात तसं, मुदतीनं. मार्चअखेर परत मागणार.
एका पानात सगळं बसलं. वाचून दाखवलं तर म्हणाले, "यात माणसं चालवल्याचं कुठंच नाही. मी मोजणीच्या साखळ्या चालवल्या."
"मग तेच लिहू का?"
"नको. खरं आहे म्हणून नको."

९ नोव्हेंबर
मला काय हवं ते इथं लिहून ठेवते, कोणाला दाखवायचं नाही. मला इथून हलायचं नाही. लग्नानंतर इतकी बिऱ्हाडं झाली की तुळशीला कुंडीच बरी असं ठरवून टाकलं होतं. इथं मी पहिल्यांदा तिला जमिनीत लावलं. चि. शांता केमला, जावई तिथंच स्टेशनात. फेब्रुवारीत तिचे दिवस भरतात. गाडीत बसलं की दुपारपर्यंत तिच्याजवळ. आणि विणकरांच्या पेठेत माझा लिहायवाचायचा वर्ग आहे. चौदा बायका. नरसम्मा आता स्वतःचं नाव लिहिते, म मोठा काढते, बाकीची अक्षरं त्याच्या आडोशाला.
यांना जागा मिळाली तर राहू. नाही तर मार्चअखेर पुणं.
यांच्या मनात काय आहे ते विचारलं. म्हणाले, "कागद मला आवडतो. कागद उलट बोलत नाही."

१२ नोव्हेंबर
अर्ज गेला. वन्संनी साखर ठेवली देवापुढे.

१८ नोव्हेंबर
पेठेतल्या मागांवर लग्नाच्या लुगड्यांचं काम आलंय. दुपारी बायका कांड्या भरायला बसणार, म्हणून वर्ग उद्यापासून सकाळी. वर्षभर मी पेठेत दुपारीच जात आले. बरं झालं, ऊन नको.

१९ नोव्हेंबर
आज जे पाहिलं ते नीट लिहिते.
सात वाजता पेठेत पोचले. नरसम्माची गल्ली ओळखू येईना. या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत. लाल, हिरवं, मधे पिवळा पट्टा. कमरेइतक्या उंचीवर ताणलेलं, खालून काठ्यांचा आधार. दोन्ही बाजूंनी पुरुष मोठे कुंचे घेऊन खळ लावत मागंपुढं चाललेले, बायका वाकून तुटलेले धागे सांधत होत्या. कोणी बोलत नाही. नुसता कुंच्यांचा आवाज. आंबट वास.
मी मधोमध उभी. नरसम्मा ओरडली, "ओ काकू, थांबा की तितंच! पदर सांबाळा. भिंतीला धरून या, भिंतीला!"
ओटीवर पोचल्यावर विचारलं, हे रोज असतं?
"रोज म्हंजे? ही पांजणी न्हाय केली तर मागावर काय घालायचं, तुमची पाटी? ऊन चढायच्या आत उरकावं लागतं. ऊन आलं की सूत करकरतं. तुमी येताव दुपारच्याला, तवा समदं गुंडाळून आत."
"आणि ही गल्ली नसती तर?"
"मग कुटं ताणायचं? घरात? घर हाय का एवढं लांब?" आणि हसली. मग बोट दाखवून म्हणाली, "ते बगा. परवा म्युन्शिपालटीची मानसं ठोकून गेली. लाल खुंट. कशाला वो ते, काकू?"
कशाला ते मला माहीत होतं. स्टेशन ते बाजार नवा रस्ता, त्याची आखणी. यांची.
मी म्हणाले, विचारून सांगते.

२० नोव्हेंबर
हे कचेरीत गेल्यावर नकाशाची घरची प्रत उघडली. बोटानं पेठ शोधली. घरं तांबडी. गल्ली पिवळी, आणि तिच्यावर यांच्या सुंदर अक्षरात : मोकळी जागा.
तीन वर्षांत एकदाही यांची रेघ चुकलेली मी पाहिली नाही.
घडी घालून ठेवला.

२२ नोव्हेंबर
सांगितलं नाही. काल संध्याकाळी सांगणार होते तर अ.सा. (अप्पासाहेब, वहीत जागा कमी) येऊन बसले. मतं जमतायत म्हणे. रस्ता हीच आपली मोठी बाजू, बाजारातले तिघे सभासद दुकानदार आहेत ते रस्त्यावर खूष. यांनी चक्क दुसरा चहा मागितला. स्वतःसाठी दुसरा चहा! इतके खुलले होते.
कसं सांगू?

२४ नोव्हेंबर. अमावास्या
वर्गाला गेले. गल्ली रिकामी. सूत नाही, कुंचे नाहीत, एक म्हातारा भिंतीशी ऊन खात. बायका डोक्यावरून न्हाऊन बसलेल्या. अमावास्येला माग बंद. हेही मला वर्षभरात कळलं नव्हतं, कारण त्या दिवशी वर्गालाही सुट्टी असायची. आज त्या म्हणाल्या, काम नाही तर वर्ग तरी होऊ दे.
दुपारी अब्दुलमिया मोजणीची फीत परत द्यायला घरी आले. तीन वर्षं यांच्यापुढं साखळी धरून चालतात. मी सहज विचारावं तसं विचारलं, पेठेची मोजणी कोणत्या दिवशी झाली होती?
"अमास कू, भाभी. साब का कायदाच है वो. जुलाहों की गल्ली अमास कू खाली मिलती. आदमी नहीं, बकरी नहीं, साखळी एकदम सीधी. दूसरे दिन जाओ तो चलने कू जगा नहीं."
"मग दुसऱ्या दिवशी कधी गेलाच नाहीत?"
"कायकू जाना? नाप तो हो गया ना!"
वन्सं माजघरातून ऐकत होत्या. "तरी मी तेव्हाच म्हटलं होतं, अमावास्येला नवं काम धरू नये. तर म्हणे, आक्का, साखळीला तिथी कळत नाही."

२५ नोव्हेंबर
सांगितलं. जेवणं झाल्यावर दुपारीच, रजा होती म्हणून. मी नकाशा पुढ्यात ठेवला आणि गल्लीवर बोट ठेवलं. सूत कुठून कुठपर्यंत होतं ते दाखवलं.
आधी म्हणाले, मोजणी चूक नाही.
"नाहीच. मोजणी बरोबर आहे. दिवस चुकला."
यांनी नकाशाची कड बोटानं सरळ केली. मग अगदी हळू, "मी मुद्दाम तो दिवस निवडायचो."
"माहीत आहे."
"माणसं मधे येऊ नयेत म्हणून."
मी त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला. मग त्यांनी विचारलं, कधीपासून माहीत आहे तुला? मी म्हणाले, सहा दिवस. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

२७ नोव्हेंबर
पहाटेच उठून एकटे गेले. कोट घालून. साडेनवाला आले तेव्हा कोटाच्या दोन्ही बाह्या खळीनं कडक. वन्सं म्हणाल्या, "धोब्याला दिलास की काय अंगासकट?"
हकीकत नंतर नरसम्माकडून कळली. हे गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, हातात वही. अर्धा तास नुसते बघत. तेवढ्यात एका बाजूची काठी कलली. नरसम्माचा नवरा मल्लय्या ओरडला, "ओ कोटवाले, बगताव काय, धरा की!" यांनी वही खिशात टाकली आणि काठी धरली. पुरा ताणा होईपर्यंत धरून उभे. मग कोणीतरी ओळखलं. मल्लय्यानं जीभ चावली.
"तर सायब काय म्हनले ठाव हाय का काकू? म्हनले, आणखी उंच धरू का?"
ती हसून हसून ओटीवर बसली. मीही.

३० नोव्हेंबर
हे रोज सकाळी जातात. नकाशावर आता पेन्सिलीनं गल्ल्याच गल्ल्या. पाच गल्ल्यांत पांजणी होते. नवी रेघ नाल्याच्या कडेनं काढलीय. रस्ता लांबतो, आणि दुकानदारांच्या दारावरून जात नाही.

२ डिसेंबर
अ.सा.ना सगळं दाखवलं. ते जागेवरून उठलेच. "नानासाहेब, तुम्हाला वेड लागलंय का? मतं जानेवारीत. तोपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. एकदा खुर्चीवर बसा, मग हवी तशी वळवा रेघ. अधिकारात राहून दुरुस्त करणं म्हणजे दूरदृष्टी. आधी कबूल करणं म्हणजे चूक."
ते गेल्यावर यांनी मला विचारलं, तुला काय वाटतं?
मी म्हणाले, अ.सा. म्हणतात ते बरोबर आहे. थांबा.
होय, मी म्हणाले. लिहिताना पेन जड होतंय पण लिहिते. तुळस, शांताचं बाळंतपण, चौदा बायका, सगळं माझ्या बाजूनं बोललं. आणि त्या चौदांतल्या बारा जणी त्याच गल्ल्यांतल्या, हे तेव्हा मी बाजूला ठेवलं.
हे म्हणाले, "पौष लागला की खोदाई सुरू होणार. हुकूम निघालाय. जानेवारीपर्यंत मी थांबेन, फावडी थांबणार नाहीत."
हे मला माहीत नव्हतं.
मग म्हणाले, "तरी तू सांग. तू थांब म्हटलंस तर थांबतो."
मी पोळ्यांची कणीक भिजवायला उठले. परत आले आणि म्हणाले, थांबू नका.

५ डिसेंबर
वर्गात नरसम्मानं पुन्हा खुंटांचं विचारलं. या वेळी सगळं सांगितलं. कोणी काढला नकाशा तेही. नरसम्मा गप्प! मग पाटी पुढं ओढली. "लिवा तुमचं काय ते. म म्हाळसाचा का म्हशीचा, कुठला शिकवनार आज?"
जाताना म्हणाली, "चुकलं ते चुकलं. पन सांगितलं की."

१५ डिसेंबर
काल सभा झाली. दोन हकिकती ऐकल्या.
यांची : "टिपण वाचलं. खोदाई थांबवली. नवी रेघ तपासायला कमिटी नेमली."
अ.सा.ची : यांनी उभं राहून, कोणी विचारलेलं नसताना, वाचलं की पेठेचा नकाशा मी विणकरांच्या सुट्टीच्या दिवशी तयार केला, त्यामुळे त्यांच्या कामाची जागा मी मोकळी समजलो, चूक सर्वस्वी माझी, मोजणाऱ्या माणसांची नव्हे. त्यावर एक दुकानदार सभासद ओरडले, "म्हणजे तीन वर्षं आम्ही चुकीच्या नकाशाला टाळ्या वाजवतोय?" हे म्हणाले, "सगळ्या नाही. पाच गल्ल्यांच्या टाळ्या परत घ्या."
सभा हसली. "पण हसणाऱ्यांनी मत द्यायचं असतं असं नाही, वहिनी," अ.सा. म्हणाले. दुसरा चहा न घेता गेले.
हे मात्र जेवले छान. वांग्याचं भरीत दोनदा.

२ जानेवारी १९२८
केमहून शांताचं पत्र. पाय सुजतात, बाकी बरी. "आई, तुम्ही पुण्याला जाणार असं हे म्हणत होते. खरं का?" उत्तर अजून लिहिलं नाही.

१५ जानेवारी
संक्रांतीच्या जत्रेला, गड्ड्यावर गेलो. यांनी मला काचेच्या बांगड्या घेऊन दिल्या, स्वतः निवडून. मापात अचूक. मोजणीदाराची बायको असल्याचा एवढा फायदा.
गर्दीत मल्लय्या भेटला. यांना बघून त्यानं दोन्ही हात वर करून काठी धरल्याचा आव आणला. यांनीही आणला. भर गड्ड्यात! मी पदर तोंडाला लावला.

२० जानेवारी
यांना जागा मिळाली नाही. दुसऱ्या गावचे एक गृहस्थ नेमले. अ.सा.नी यांना मत दिलं की नाही ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
त्याच सभेत नाल्याकडची नवी रेघ मंजूर झाली.
हे घरी आले, पगडी खुंटीला लावली, म्हणाले, "अगं, एक झालं, एक नाही."
मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच थोडी लाज. संध्याकाळी तुळशीपाशी मात्र जास्त वेळ बसले.

२५ जानेवारी
सकाळी ओसरीवर आठ-नऊ माणसं. मल्लय्या पुढं, नरसम्मा सगळ्यांच्या मागं पण आवाज तिचाच. पेठेचे सभासद दिवाळीत वारले, ती जागा रिकामी आहे. निवडणूक फेब्रुवारीत.
"सायेब, तुमी उभं ऱ्हावा."
हे खरोखर गोंधळले. "मी सरकारी नोकर. नोकराला उभं राहता येत नाही."
मल्लय्या : "मग सोडा की."
असं म्हणाला जसं काही कोट काढायचा आहे.
यांनी विचारलं, तुमच्यातलाच कोणी का नाही? एक म्हातारे म्हणाले, "आमचा मानूस सभेत तेलुगूत विचार करनार, मराठीत बोलनार, तवर ठराव पास. तुमी चूक सुदा लवकर बोलताव."
नरसम्मा : "माज्या नावावर घर हाय. कर मी भरते. म्हंजे मत माजं. आनि आता चिट्ठीवरचं नाव मला वाचता येतं, काकूंनी शिकवलंय. दुसरं कुणाचं वाचायला लावू नका."
हे बघू म्हणाले. पण या वेळी बोट मिशीकडे गेलं नाही.

२६ जानेवारी
नोकरी सोडली तर पेन्शन गेलं. सहा वर्षं राहिली होती. सभासदाला पगार नसतो. हे म्हणतात, गिरण्यांच्या चाळींचे, घरांचे नकाशे खासगीत काढता येतील. म्हणतात, आणि पुन्हा कागदावर हिशेब मांडतात. आणि निवडून येतीलच असंही नाही. दुकानदारांचा माणूस उभा राहतोय.
वन्सं जेवताना : "सव्वीस वर्षांची सरकारी नोकरी सोडून साळ्यांच्या पंक्तीला बसणार तू?"
हे : "बसू का?"
वन्संनी ताक वाढलं. बराच वेळ लावला वाढायला. "बस. निदान तिथं कोणी पाट मांडून बोलावलंय."


३० जानेवारी
राजीनाम्याचं पत्र यांनी लिहिलं. माझ्याकडे वाचायला दिलं. चार ओळी. सही नाही. उमेदवारीचा अर्ज भरायची मुदत ७ तारखेपर्यंत, त्याआधी हे पत्र गेलं पाहिजे. कचेरीतल्या टेबलावर नाही, घरच्या टेबलावर दौतीखाली ठेवलंय.
मला विचारलं नाही, काय करू. मीही सांगितलं नाही. माझ्या मनात इथं राहायचं आहे हे त्यांना माहीत आहे, आणि तेवढ्यासाठी त्यांनी सही करू नये हे मला वाटतं, तेही माहीत असावं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, काही गोष्टी भिंतीतून कळतात.

३ फेब्रुवारी
शांताला लिहिलं : अजून ठरलं नाही, पण तुझ्या बाळंतपणाला मी येणार, कुठूनही येणार. गूळ, डिंक, बाळंतविडा बांधून ठेवला.

५ फेब्रुवारी
आज हे म्हणाले, चल, पेठेत जाऊन येऊ. मतं मागायला नव्हे, उभं राहायचं ठरलेलंच नाही. मग कशाला? "मी तिथली घरं बाहेरून मोजली आहेत. आतून एकही पाहिलं नाही."
सहा घरांत गेलो. आयुष्यात कोणाच्या उंबऱ्याआत न जाणारा माणूस, सहा घरांत ताक प्याला. मागाच्या खड्ड्याशी उकिडवं बसून इकडून तिकडे पळणारा धोटा बघितला. एका घरात पाय पसरून बसलेल्या आजींनी विचारलं, तू कोण? मल्लय्या मोठ्यानं म्हणाला, नकाशेवाले सायेब. आजी म्हणाल्या, "मग ह्याला इचार, आमच्या नळाला पानी कवा येतंय. चिमनी मुतल्यावानी येतंय."
मी यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील, हिप्परग्याच्या तलावापासून नळ कसा आलाय, उंची किती, दाब किती. सगळं तोंडपाठ आहे त्यांना.
हे म्हणाले, "आजी, मला माहीत नाही. कधी येतं?"
"पहाटं. कवा येतंय, कवा जातंय."
"उद्या येऊन बघतो."

६ फेब्रुवारी
अजून उजाडलेलं नाही. हे गेले. कोट घातला नाही, उपरणं डोक्याला गुंडाळलं, बरोबर स्वयंपाकघरातली कळशी नेली. किती वेळात भरते ते बघायला. वन्सं झोपेतच म्हणाल्या, "पितळेची नेऊ नको रे, पोचे येतील." पितळेचीच नेली.
मी दिवा लावून टेबल आवरायला घेतलं. दौत जरा सरकली होती. पत्र तिच्याखाली होतं, तसंच, घडी केलेलं. उलगडलं की सही आहे की नाही ते कळेल.
उलगडलं नाही. चूल पेटवून पाणी ठेवलंय. येतील तेव्हा भिजलेले असतील.